लिव्हरवर थांबलेला हात

माझी भाची विमान चालवते. दर सहा महिन्यांनी तिची सिम्युलेटरवर परीक्षा असते, आणि परीक्षेआधीचे तीन-चार दिवस ती आमच्याकडे ठाण्याला येऊन राहते. कारण एकच. आमच्या मागच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर एअरबसच्या कॉकपिटचं मोठं पोस्टर आहे. शिकत असताना तिनेच ते चिकटवलं होतं. आता त्याचे कोपरे पिवळे पडलेत, पण काढून टाकायचं कुणाच्या मनात येत नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसते, पॅडल असल्यासारखे पाय फरशीवर रोवते आणि कागदावरचं विमान उडवायला लागते.

मागच्या वेळी तिने मला शेजारी बसवलं. मी गवार मोडत होते, ती मोडतामोडताच बसले.

"मावशी, तू आज कॅप्टन. विमान तुझ्या हातात आहे. दोन नंबरचं इंजिन गेलंय. मी विचारीन, 'थ्रस्ट लिव्हर दोन, कन्फर्म?' तू 'कन्फर्म' म्हणायचं. की मग मी ते मागे ओढणार."

तिने पोस्टरवर बोट ठेवून विचारलं, मी "कन्फर्म" म्हटलं. तिचं बोट जागचं हललं नाही.

"बघितलंस?"

"काय बघायचं?"

"बोट कुठल्या लिव्हरवर आहे ते."

बोट एक नंबरवर होतं. आमचं चालू इंजिन मी परातीतल्या गवारीकडे बघत बंद करून टाकलं होतं.

त्या दिवसापासून तो थांबलेला हात माझ्या डोक्यातून जात नाही. उडत्या विमानाचं इंजिन बिघडलं, तर ते बंद करण्याआधी एक वैमानिक लिव्हरवर हात ठेवतो पण ओढत नाही. कुठलं ते मोठ्याने बोलतो. दुसरा खरोखर वळून बघतो, मग हो म्हणतो, आणि मगच हात हलतो. पुढे इंजिनाचा मास्टर स्विच बंद करताना पुन्हा तेच, आगीचं बटण दाबताना पुन्हा तेच. हा थांबा कुणी एका दिवसात शोधून काढला नाही. तो साठत साठत आला, आणि त्याच्यासाठी माणसांनी फार मोठी किंमत मोजली.

सुरुवातीला तर प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानातून. त्याला इंजिन एकच. ते बंद पडलं तर कुठलं बंद पडलं हे विचारण्याची गरज नव्हती. खाली मोकळं शेत, नदीचं पात्र, जे दिसेल ते गाठायचं. त्या काळचा वैमानिक सारखा खाली बघत उडायचा, कुठे उतरता येईल याचा हिशेब मनात चालूच असायचा. जुहूची ती धावपट्टी पावसाळ्यात चिखलात जायची, म्हणून टाटांची विमानं चार महिने पुण्याला जात. इंजिन आणि जमीन, दोन्हींचा भरवसा बेताचाच होता.

त्याच वर्षी, टाटांच्या त्या उड्डाणाच्या अडीच महिने आधी, अमेरिकेत एक पत्र लिहिलं गेलं. ट्रान्सकॉन्टिनेन्टल अँड वेस्टर्न एअर, म्हणजे टीडब्ल्यूए, या कंपनीचे जॅक फ्राय यांनी २ ऑगस्ट १९३२ला विमान कारखान्यांना आपल्याला कसं विमान हवं ते कळवलं. पत्रात तीन इंजिनांचं विमान मागितलं होतं. डग्लस कंपनीने दोन इंजिनांचं देऊ केलं. तेव्हा टीडब्ल्यूएचे तांत्रिक सल्लागार असलेल्या चार्ल्स लिंडबर्ग यांनी अट घातली: कंपनीच्या मार्गावरच्या कुठल्याही विमानतळावरून, पूर्ण भार घेऊन उडताना एक इंजिन गेलं, तरी हे विमान उरलेल्या एकावर वर चढलं पाहिजे. एकट्याने अटलांटिक पार करताना तेहतीस तासांहून जास्त वेळ एकाच इंजिनाचा आवाज ऐकलेल्या माणसाने घातलेली ही अट आहे. त्या तासांत त्याच्या मनात काय चाललं असेल याची मी नेहमी कल्पना करते.

ते विमान म्हणजे डीसी-१. १ जुलै १९३३ला सँटा मोनिकाहून ते पहिल्यांदा उडालं आणि वर चढता चढताच इंजिन अडखळलं. वैमानिक कार्ल कव्हर यांनी नाक खाली केलं, इंजिन पुन्हा सुरळीत. नाक वर केलं, पुन्हा गचके. असं पायरीपायरीने विमान वर नेत त्यांनी ते सुखरूप खाली आणलं. दोष कार्ब्युरेटरच्या फ्लोटमध्ये निघाला. ते अशा दिशेने बसवले होते की विमान चढू लागलं की पेट्रोल तुटायचं. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते कव्हर यांचं वागणं. काय बिघडलंय हे त्यांना हवेत कळणं शक्यच नव्हतं. विमान काय केल्यावर ऐकतं, एवढंच त्यांनी बघितलं आणि तेवढ्यावर ते उतरले.

लिंडबर्ग यांच्या अटीची परीक्षा ४ सप्टेंबरला झाली. अॅरिझोनातलं विन्स्लो हे समुद्रसपाटीपासून जवळजवळ पाच हजार फूट उंच. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर कमी. तिथून डीसी-१ उडालं, एक इंजिन मुद्दाम बंद करण्यात आलं, आणि उरलेल्या एका इंजिनावर ते डोंगर ओलांडून अल्बुकर्कीला उतरलं. आज आपण दोन इंजिनांच्या विमानात बसून निर्धास्त डोळे मिटतो, त्या निर्धास्तपणाचं मूळ त्या उड्डाणात आहे. यातूनच पुढे डीसी-३ आलं आणि जगभर पसरलं.

पण दोन इंजिनं आली तशी एक नवी भीतीही आली, जी एका इंजिनाच्या काळात नव्हती. दोनातलं कुठलं गेलं?

हे लगेच कळायला हवं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पंख्याच्या विमानात इंजिन मेलं तरी पंखा वाऱ्याने गरगर फिरत राहतो. फेऱ्यांचा काटा जवळजवळ जागेवरच असतो. घड्याळं फसवतात. म्हणून वैमानिकांनी घड्याळांपेक्षा खात्रीचं साधन शोधलं: स्वतःचा पाय. डावं इंजिन गेलं की विमानाचं नाक डावीकडे वळतं. ते सरळ ठेवायला उजवा पाय पॅडलवर दाबावा लागतो. डावा पाय मोकळा, निकामी. ज्या बाजूचा पाय निकामी, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. आजही दोन इंजिनांचं विमान शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगतात.

पायाने सांगितलं तरी त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे यातलं खरं शहाणपण. संशय असलेल्या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे त्याच्या जोराचा लिव्हर, हळूहळू मागे आणायचा. विमानाला काहीच फरक पडला नाही, तर ते खरंच मेलेलं. फरक पडला, तर हात चुकीच्या बाजूला गेलाय, लगेच पुढे ढकला. त्या ओढण्यात एक प्रश्न होता, आणि उत्तर इंजिनाने द्यायचं होतं. माझ्या भाचीच्या बोटाखालच्या थांब्याचा हा पहिला पूर्वज.

प्रश्न विचारणं तेव्हा इतकं निकडीचं का झालं, त्यालाही कारण आहे. हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीचे फ्रँक कॉल्डवेल यांनी पात्यांचा कोन हवेत बदलता येईल असा पंखा बनवला, आणि १९३३ सालचं कोलिअर पारितोषिक त्यासाठी मिळालं. पुढे याच पंख्याची पाती पूर्ण वळवून वाऱ्याला फक्त त्यांची धार दाखवायची सोय झाली. होडी वल्हवणारा वल्हं पाण्याबाहेर काढल्यावर त्याचं पातं आडवं करतो, वारा अडू नये म्हणून, तसंच. इंग्रजीत वल्ह्याचाच शब्द पंख्याला लागला: फेदर करणं. मेलेल्या इंजिनाचा फिरता पंखा विमानाला मागे खेचतो, तो आता गप्प करता येऊ लागला. फार मोठी सोय. पण चालू इंजिनाचा पंखा चुकून गप्प केला, तर विमानाला काहीच उरत नाही, आणि तो पुन्हा फिरवायला लागणारा वेळ जमिनीजवळ मिळत नाही. हातातलं साधन जितकं पक्कं काम करतं, तितकी हाताची चूकही पक्की होते.

याच दशकात दुसरीकडे यादीचा जन्म झाला. ३० ऑक्टोबर १९३५ला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं चार इंजिनी बॉम्बर उडताच कोसळलं. जमिनीवर वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे अनुभवी, नावाजलेले. यंत्र माणसाच्या आठवणीपेक्षा मोठं झालंय हे तेव्हा लष्कराला उमगलं, आणि चेकलिस्ट आली. तिची गोष्ट अनेकदा सांगितली जाते म्हणून मी इथे थांबत नाही. एवढंच म्हणते, की यादी एकाने वाचायची आणि दुसऱ्याने करायची, हे दोन माणसांचं बोलणं कॉकपिटमध्ये कायमचं रुजलं.

आणि सरावाची खोलीही तेव्हाचीच. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या एड लिंक यांच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरायचे भाते त्यांनी एका लाकडी विमानाच्या डब्याखाली लावले, आणि १९२९च्या सुमारास जमिनीवरच डोलणारं, झुकणारं विमान तयार झालं. आपल्या पेटीला असतो तसाच भाता, फक्त सुरांऐवजी माणसाला हलवणारा. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखं विकलं गेलं. १९३४मध्ये अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहायचं काम आलं, खराब हवेत एकामागून एक माणसं गेली, तेव्हा लष्कराने सहा यंत्रं घेतली. भाची ज्या सिम्युलेटरमध्ये परीक्षा देते, त्याचा आजोबा तो.

मग जेट आलं, आणि इंजिन बिघडणं ही रोजची गोष्ट उरली नाही. १९५३मध्ये अमेरिकेत नियम झाला होता की दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. १९८५मध्ये हीच मर्यादा काही विमानांना एकशेवीस मिनिटं झाली आणि दोन इंजिनांवर अटलांटिक ओलांडला जाऊ लागला. आज मुंबईहून लंडनला जाणारं विमान दोनच इंजिनांचं असतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. कित्येक वैमानिकांची सगळी नोकरी खरं इंजिन गेल्याशिवाय संपते. हे भाग्यच आहे. पण मग हाताला सवय कशी लागणार? ती सिम्युलेटरमध्ये आणि आमच्या कपाटासमोरच लागणार.

आता केगवर्थबद्दल. हे सांगताना मला दरवेळी घसा कोरडा पडल्यासारखं होतं.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलंडचं नवंकोरं बोइंग ७३७-४०० लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालं. आत १२६ माणसं. चढत असतानाच डाव्या इंजिनाच्या पंख्याच्या एका पात्याचा तुकडा उडाला. धडधड सुरू झाली, कॉकपिटमध्ये जळका वास आला. कॅप्टनने विचारलं, कुठलं इंजिन? सहवैमानिकाने 'डावं' हा शब्द अर्धा उच्चारला, आणि मग म्हणाला, उजवं. तो अर्धा शब्द ध्वनिमुद्रणात राहिला आहे.

त्यांनी उजव्याचा थ्रॉटल मागे घेतला, आणि नेमकी धडधड कमी झाली. पंख्याच्या विमानांच्या काळापासून चालत आलेली कसोटी हीच होती ना? मागे ओढा आणि काय बदलतं ते बघा. पण इथे त्याच वेळी इंजिनांचा जोर आपोआप राखणारा ऑटोथ्रॉटल काढला होता, त्यामुळे जखमी डावं इंजिन आपोआप थोडं शांत झालं. प्रश्न उजव्याला विचारला, उत्तर डाव्याने दिलं, आणि ते पटणारं होतं. कंपन दाखवणारा काटा डाव्या इंजिनाकडे बोट दाखवत होता. पण तो इवलासा होता, आणि जुन्या विमानांत त्या काट्यांवर फारसा भरवसा ठेवायची पद्धत नव्हती. चालू असलेलं, निरोगी उजवं इंजिन बंद केलं गेलं.

कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड झाला आहे, ते बंद केलंय. मागे बसलेल्या काही जणांनी डाव्या बाजूला ठिणग्या आणि ज्वाळा पाहिल्या होत्या. ते बोलले नाहीत. वैमानिकांना ठाऊकच असणार असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने कॅप्टन स्वतःच मागे वळून बघायला लागला, आपल्याला नेमक्या काय खुणा मिळाल्या होत्या? तो मोठ्याने आठवायला लागला, आणि तेवढ्यात रेडिओवर बोलावणं आलं. तो विचार तिथेच तुटला. ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरायला अगदी शेवटचा पल्ला राहिला असताना डावं इंजिन पूर्ण बसलं. विमान केगवर्थ गावाजवळ एम-१ महामार्गाच्या बांधावर आदळलं. ४७ माणसं गेली.

या अपघाताचा अहवाल वाचताना राग कुणावर काढावा हे कळत नाही, आणि मला वाटतं तो काढूही नये. दोन्ही वैमानिक वाचले, जबर जखमी होऊन. त्यांनी आळस केला नव्हता. त्यांनी घाई केली होती, आणि कुठल्याही भल्या माणसाने केली असती अशी. धडधड सुरू झाल्यापासून साधारण दोन मिनिटांत इंजिन बंद झालं होतं. त्या दोन मिनिटांत कुठलीही गोष्ट इतक्या तातडीने करण्याची गरज नव्हती.

म्हणून आज उड्डाण करताना इंजिन गेलं, तर भाचीला पहिली शिकवण आहे ती काही न करण्याची. जमिनीपासून निदान चारशे फूट वर येईपर्यंत, विमान सरळ आणि स्थिर होईपर्यंत, घंटा वाजू दे, लाल अक्षरं दिसू दे, हात बांधलेला. त्याही आधी, धावपट्टीवर ठरावीक वेग आला की, त्याला व्ही-वन म्हणतात, कॅप्टन लिव्हरवरचा हात मुद्दाम उचलून बाजूला घेतो. आता थांबायचं नाही, हा निर्णय झालेला असतो, तो बदलायचा मोहही हाताला पडू नये म्हणून. मला ही पद्धत फार आवडते. माणसाने स्वतःच्या हाताला ओळखून घेतलेली ती काळजी आहे.

बोलण्याची बाजूही केगवर्थच्या आधीपासूनच सुधारत होती. २८ डिसेंबर १९७८ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधन संपत आल्याचं सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, पण कॅप्टनच्या कानी पडेल इतक्या ठामपणे नाही. पुढच्याच वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली, आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं हा शिकवण्याचा विषय झाला. धाकट्याने विचारलं पाहिजे, थोरल्याने ऐकलं पाहिजे. आपल्याकडे जिथे 'सर' म्हटल्यावर वाक्यच संपतं, तिथे हे शिकायला किती जड जात असेल, हे मला भाचीच्या सुरुवातीच्या वर्षांत दिसलं आहे.

सगळं शिकवूनही हात सुटतो. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचं एटीआर-७२ उडालं. चढत असताना उजव्या इंजिनाचा पंखा एका सदोष जोडामुळे आपोआप फेदर झाला. कॅप्टन म्हणाला, एक नंबरचा थ्रॉटल मागे घेतो. सहवैमानिक म्हणाला, थांबा, पडताळून बघू. तो शब्द उच्चारला गेला होता. पण हात थांबला नाही. चालू डावं इंजिन बंद झालं, विमान उड्डाणपुलाला घासून कीलुंग नदीत पडलं. ५८ जणांपैकी ४३ गेले.

आणि हात थांबला की काय होतं, तेही जगाने बघितलं आहे. ४ नोव्हेंबर २०१०ला सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ए-३८०चं दोन नंबरचं इंजिन काही मिनिटांतच फुटलं. तेलाच्या एका छोट्या नळीला गेलेली भेग, त्यातून आग, आणि त्यातून इंजिनाची एक जड चकती तुटून पंख आरपार. ४६९ माणसं. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी रेडिओवर 'पॅन पॅन' म्हटलं. हा शब्द फ्रेंच 'पान'वरून आला, त्याचा अर्थच बिघाड. पडद्यावर एकामागून एक दोषांची रांग लागली. कॉकपिटमध्ये त्या दिवशी योगायोगाने पाच वैमानिक होते. ते सगळे जवळपास पन्नास मिनिटं ती रांग वाचत, एकेक गोष्ट पडताळत बसले. शेवटी क्रेस्पिनींनी हिशेब उलटा मांडला: काय काय गेलंय ते सोडा, काय शिल्लक आहे ते बघा. जे शिल्लक होतं त्यावर ते उतरले. उतरल्यावर एक नंबरचं इंजिन बंदच होईना, अग्निशमन दलाने तीन तास पाण्याचा मारा करून ते विझवलं. एकालाही इजा झाली नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री भाची पुन्हा कपाटासमोर बसली. या वेळी मी गवार बाजूला ठेवली, चष्मा लावला. पोस्टरवर दोन नंबरच्या इंजिनावर तिने पेन्सिलीने छोटं लाल वर्तुळ काढलं होतं. ती पुटपुटत होती, चारशे फूट, स्थिर. मग तिचं बोट पुढे आलं आणि कागदावर टेकलं.

"थ्रस्ट लिव्हर दोन, कन्फर्म?"

मी वाकून बघितलं. बोटाखालचा आकडा वाचायला मला बराच वेळ लागला, कारण तिथला कागद तिच्या बोटांनी झिजून पांढरा पडला होता. ती वाट बघत राहिली.

"दोन. कन्फर्म."

तिने बोट मागे ओढलं आणि पुढच्या स्विचवर नेलं.